डोळ्यांना दिसते ते कानांना मिळते का?

बिल भरायचे कोणतेही साधे पान डोळ्यांसमोर आणा. वर डावीकडे कंपनीचे बोधचिन्ह, उजवीकडे शोधासाठी भिंग, मध्ये ग्राहक क्रमांक लिहायची चौकट आणि तिच्या खाली हिरव्या रंगात ‘पुढे जा’. डोळस माणसाला हे पान कळायला दोन-तीन सेकंद पुरतात. आता हेच पान एखादी दृष्टिहीन मुलगी उघडते. ती माउस वापरत नाही. टॅबची कळ दाबत ती पुढे सरकते आणि स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर प्रत्येक थांब्यावर काय आहे ते बोलून सांगते. बोधचिन्हावर आवाज येतो, ‘लिंक, ग्राफिक, लोगो अंडरस्कोर फायनल टू’. भिंगावर नुसतेच ‘बटण’. चौकटीवर ‘एडिट, रिकामे’. तिथे नाव लिहायचे, मोबाइल नंबर की ग्राहक क्रमांक, हे सांगणारे काहीच नाही. आणखी एकदा टॅब दाबली की आवाज थेट पानाच्या तळाशी ‘गोपनीयता धोरण’वर पोहोचतो. हिरवे ‘पुढे जा’ वाटेत लागतच नाही. बिल भरायचे राहून जाते, किंवा घरातल्या कोणाला तरी हाक मारावी लागते.

ते हिरवे बटण गेले कुठे? पानाचा कोड उघडून पाहिला तर तिथे बटण नाहीच. पान बनवणाऱ्याने ‘डिव्ह’ नावाची एक साधी चौकट घेतली, तिला हिरवा रंग दिला, कोपरे गोल केले आणि तिच्यावर माउसने टिचकी मारली की पुढचे पान उघडेल अशी सोय केली. एचटीएमएलमध्ये बटणासाठी वेगळा टॅग आहे. तो वापरला असता तर ‘हे बटण आहे’ ही माहिती, टॅबने तिथे थांबणे आणि एंटर दाबल्यावर चालणे या तिन्ही गोष्टी फुकटात मिळाल्या असत्या. डिव्हला यातले काहीही आपोआप मिळत नाही. पडद्यावर मात्र दोन्हींत तसूभर फरक दिसत नाही.

याचे कारण ब्राउझरच्या कामात आहे. ब्राउझर पानाचा कोड वाचतो आणि त्यातून दोन गोष्टी तयार करतो. एक म्हणजे पडद्यावरचे चित्र. दुसरी म्हणजे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री’, म्हणजे पानावरच्या घटकांची एक उतरंड. तिच्यात प्रत्येक घटकाची भूमिका, नाव आणि स्थिती नोंदलेली असते: हे बटण आहे, याचे नाव ‘शोधा’, ही चौकट टिक केलेली आहे. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नाही. तो ही उतरंड वाचतो. म्हणून एखादा घटक दृष्टिहीनांसाठी बंद आहे की नाही, हा प्रश्न थोडक्यात असा मांडता येतो: चित्रात जे दिसते आहे, ते उतरंडीत आहे का, आणि असल्यास खऱ्या नावाने आहे का? संगणकाला ही तफावत स्वतःहून शोधायला कसे शिकवतात, हा या प्रकरणाचा विषय आहे.

त्याआधी नियमांविषयी थोडे. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने मे १९९९ मध्ये यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती काढली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. डिसेंबर २००८ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात २०१८ व २०२३ मध्ये भर पडली. ही तत्त्वे कागदावर राहिली नाहीत. ब्रूस मॅग्वायर या अंध ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी १९९९ मध्येच तक्रार केली की सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटवर चित्रांना पर्यायी मजकूर नाही आणि वेळापत्रकावरून खेळांच्या यादीपर्यंत आपल्याला पोहोचता येत नाही. तिथल्या मानवी हक्क आयोगाने २००० साली निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. तत्त्वे आली तशी ती पाळली जातात का हे तपासणारी साधनेही आली. त्यांतले ‘बॉबी’ तर पहिल्या आवृत्तीच्याही आधीचे, १९९६ चे. आज ‘वेव्ह’ आणि ‘अ‍ॅक्स’ ही नावे या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या तोंडी असतात.

ही साधने कोड वाचतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. चित्राला पर्यायी मजकुराचा, म्हणजे ‘आल्ट’चा रकाना आहे का? चौकटीला लेबल जोडले आहे का? पानाची भाषा सांगितली आहे का? अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठाची ‘वेबएम’ ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठे याच पद्धतीने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर आपोआप ओळखू येणारी किमान एक तरी चूक सापडली. सरासरी काढली तर पानागणिक ५१ चुका. फिकट अक्षरे, आल्ट नसलेली चित्रे, लेबल नसलेल्या चौकटी, रिकाम्या लिंक, रिकामी बटणे आणि भाषा न सांगितलेले पान, या सहा प्रकारांत जवळपास सगळ्या चुका येतात. मला या आकड्यांत जास्त खुपते ते हे की यांतली एकही चूक दुरुस्त करायला अवघड नाही. वेब शिकायला सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यालाही त्या पहिल्याच महिन्यात टाळता येतील.

पण नियमाला मर्यादा आहे. आल्टचा रकाना आहे का, एवढेच तो विचारू शकतो. रकान्यात ‘लोगो अंडरस्कोर फायनल टू’ लिहिले असेल तर नियमाच्या लेखी पान उत्तीर्ण होते. हिरव्या डिव्हकडे तर तो बघतही नाही, कारण कोडमध्ये ती हजारो चौकटींपैकी एक निरुपद्रवी चौकट आहे. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने २०१७ मध्ये एक पान मुद्दाम १४२ अडथळे घालून बनवले आणि त्यावर बाजारातली तपासणी साधने चालवून पाहिली. सगळ्यांत चांगल्या साधनालाही निम्मे अडथळे सापडले नाहीत, आणि कित्येक तर एकाही साधनाला दिसले नाहीत. जे सुटले त्यांतल्या बहुतेकांसाठी अर्थ समजून घ्यावा लागतो किंवा चित्र पाहावे लागते. मशिन लर्निंगचे काम इथून सुरू होते.

मशिन लर्निंगमध्ये नियम लिहून देत नाहीत, उदाहरणे देतात. ‘बटण म्हणजे काय’ हे संगणकाला शब्दांत सांगणे जवळपास अशक्य आहे. गोल कोपरे? प्रत्येक बटणाला नसतात. रंग? जाहिरातीच्या चौकटीलाही असतो. त्याऐवजी पडद्यांची हजारो चित्रे घ्यायची, त्यांतल्या प्रत्येक बटणाभोवती माणसाकडून चौकोन काढून घ्यायचा आणि ती सगळी रास मॉडेलपुढे ठेवायची. मॉडेल अंदाज करते, अंदाज चुकला की त्याच्या आतले लाखो आकडे किंचित सरकवले जातात, पुन्हा अंदाज, पुन्हा दुरुस्ती. काही दिवसांनी त्याने कधीही न पाहिलेल्या पडद्यावरही ते बटणावर बरोबर बोट ठेवू लागते.

या कामाचा पाया मोबाइलच्या अ‍ॅपवर रचला गेला, कारण तिथे पडद्यांची चित्रे एकसारख्या मापात मिळतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘रिको’ नावाचा संग्रह खुला केला. त्यात साडेनऊ हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅपमधले ७२ हजारांवर पडदे होते. पुढची मोठी उडी अ‍ॅपलच्या संशोधकांनी घेतली. त्यांनी ४,०६८ आयफोन अ‍ॅपमधले ७७,६३७ पडदे जमवले आणि माणसांना बसवून त्यांवरचा प्रत्येक घटक चौकोनात बांधून घेतला. हा मजकूर, हे चित्र, हा आयकॉन, ही सरकपट्टी, हे चालू-बंदचे बटण. असे डझनभर प्रकार. एक अडचण लगेच पुढे आली. मजकूर आणि आयकॉन पडद्यागणिक डझनांनी असतात, सरकपट्टी मात्र क्वचित एखादी. मॉडेल जे वारंवार पाहते तेच चांगले शिकते. म्हणून दुर्मीळ घटक असलेले पडदे त्याला मुद्दाम जास्त वेळा दाखवावे लागले.

तयार झालेले मॉडेल आयफोनमध्येच चालते. पडद्याचे चित्र बाहेर कुठे पाठवावे लागत नाही आणि एका चित्राला सेकंदाचा अगदी लहानसा अंशच लागतो. पण चौकोन सापडले म्हणजे काम संपले असे होत नाही. ‘विमानतळ’ हा शब्द आणि त्याच्या शेजारचे विमानाचे चित्र हे दोन घटक की एकच? ऐकणाऱ्याला ते एका दमात ऐकायला हवेत. कोणता टॅब सध्या निवडलेला आहे? डोळ्याला तो निळ्या रंगावरून कळतो, कानाला सांगावा लागतो. दोन स्तंभांचा मजकूर आधी डावा पूर्ण वाचायचा की आडव्या ओळीने? या प्रत्येक प्रश्नासाठी त्या संशोधकांना निराळी जोडणी करावी लागली. २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर ही सोय ‘स्क्रीन रेकग्निशन’ या नावाने दृष्टिहीनांच्या हातात आली. अ‍ॅप बनवणाऱ्याने नावे दिलेली नसली तरी फोन स्वतः पडदा पाहून ती सांगायचा प्रयत्न करतो.

हीच पद्धत तपासणीसाठी उलटी वापरता येते, आणि माझ्या मते तिचा खरा उपयोग तो आहे. वेबपानाचे चित्र मॉडेलला दाखवायचे. ते म्हणते, ‘या जागी बटण आहे असे मला दिसते.’ मग त्याच जागी उतरंडीत काय आहे ते पाहायचे. तिथे बटण असेल तर ठीक. तिथे काहीच नसेल तर आपले हिरवे डिव्ह सापडले. शीर्षकाचेही तसेच. मोठ्या ठळक अक्षरांतली ओळ चित्रात शीर्षक वाटते, पण कोडमध्ये तो नुसता ठळक केलेला परिच्छेद असतो. दृष्टिहीन वाचक लांबलचक पानावर शीर्षकांवरून उड्या मारत हवे ते गाठतात. त्यांच्यासाठी या पानावर शीर्षकच नाही आणि सगळे पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. नियमांवर चालणाऱ्या साधनाला ही चूक दिसणे कठीण. चित्र आणि उतरंड शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ती लगेच दिसते.

फिकट अक्षरांच्या बाबतीत तर आकडेमोडच आहे. डब्ल्यूसीएजीच्या दुसऱ्या पातळीनुसार साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ ला १ या प्रमाणात वेगळा हवा. पांढऱ्यावर शुद्ध काळे अक्षर २१ भरते. राखाडीची एक छटा पांढऱ्यावर ४.४८ भरते आणि नापास होते. तिच्याहून एकच पायरी गडद छटा ४.५४ भरते आणि पास होते. पार्श्वभूमी एकरंगी असेल तर हे कोणतेही साधन करून देते. पण बातमीचा मथळा समुद्राच्या फोटोवर पांढऱ्या अक्षरांत छापला असेल तर? अर्धा मथळा गडद पाण्यावर, अर्धा फेसावर. कोडमध्ये पार्श्वभूमीचा रंगच लिहिलेला नसतो, म्हणून नियमाचे साधन हात वर करून म्हणते, ‘माणसाने तपासावे’. चित्र पाहणारे मॉडेल अक्षरे कुठे आहेत ते ओळखते, त्यांच्याभोवतीचे ठिपके मोजते आणि नेमकी कोणती अक्षरे फेसात बुडाली ते दाखवते. मोतीबिंदू झालेल्या, चाळिशी पार केलेल्या, भर उन्हात फोन पाहणाऱ्या सगळ्यांनाच याचा उपयोग आहे.

आता अडचणीचा भाग. मॉडेल उदाहरणांवरून शिकते, आणि वेबवरची उदाहरणे कशी आहेत ते आपण वर पाहिलेच. २०२३ मध्ये ‘वेबयूआय’ नावाचा सुमारे चार लाख वेबपानांचा संग्रह प्रसिद्ध झाला. इतक्या पानांवर माणसांकडून चौकोन काढून घेणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून प्रत्येक घटकाचे नाव ब्राउझरच्या उतरंडीतूनच उचलले गेले. म्हणजे ज्या उतरंडीतल्या चुका शोधायच्या, तीच शिकवणीसाठी वापरायची. उतरंडीत हिरवे डिव्ह बटण म्हणून नोंदलेले नाही, तर मॉडेल हिरव्या चौकटीला ‘हे बटण नाही’ असे शिकणार. संशोधकांना हे माहीत होते. त्यांचा हिशेब असा की बऱ्यापैकी बनवलेली पाने पुरेशी असतील तर चुकीच्या नोंदी एकूण राशीत मागे पडतील, आणि वरून माणसांनी तपासलेली थोडी उदाहरणे दिली की मॉडेल सावरेल. हे बऱ्याच अंशी खरे ठरते. तरी जिथे एखादी चूक सगळेच सर्रास करतात, तिथे ती मॉडेललाही चूक वाटत नाही, हे विसरून चालणार नाही.

आयकॉनच्या नावांचेही असेच. २०२० मधल्या एका अभ्यासात १०,४०८ अँड्रॉइड अ‍ॅप तपासली, त्यांतल्या ७७ टक्क्यांहून अधिक अ‍ॅपमध्ये चित्राच्या बटणांना नाव नसल्याची चूक सापडली. त्याच संशोधकांनी ‘लेबलड्रॉइड’ हे मॉडेल बनवले. ज्यांनी नावे दिली आहेत त्यांच्याकडून शिकून ते ज्यांनी दिली नाहीत त्यांच्यासाठी नाव सुचवते. भिंग दिसले की ‘शोधा’, कचऱ्याची टोपली दिसली की ‘काढून टाका’. पण फुलीचे काय? खिडकीच्या कोपऱ्यातली फुली ‘बंद करा’, आणि यादीतल्या नावासमोरची फुली ‘हे नाव काढा’. चांदणी कुठे ‘आवडते’, तर कुठे पाचपैकी गुण. चित्र तेच, अर्थ शेजाऱ्यांवरून ठरतो. म्हणून आताची मॉडेल आयकॉनबरोबर आजूबाजूचा मजकूरही वाचतात. तरीही पैसे पाठवण्याच्या पानावर एखादे नाव चुकले तर ते ऐकणाऱ्याला किती महागात पडेल याचा विचार करा.

मराठी पानांकडे वळलो की आणखी काही गोष्टी दिसतात, आणि त्यांच्यावर इंग्रजी पानांसाठी बनवलेली साधने फारशी चालत नाहीत. पहिली गोष्ट भाषेची. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्याची भाषा सांगायची असते. तिच्यावरून स्क्रीन रीडर कोणता आवाज वापरायचा ते ठरवतो. मराठी पाने तयार साच्यांवर बनतात आणि साच्यात भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली असते, ती तशीच राहते. मग इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला बसतो. तो अक्षरे गाळतो, किंवा शब्द जुळवण्याऐवजी एकेका अक्षराचे नाव घेत बसतो. ‘हिंदी’ लिहिले असेल तर ऐकू तरी येते, पण हेल आणि उच्चार हिंदीचे. नियमाचे साधन फक्त भाषा लिहिली आहे का हे पाहते. लिहिली आहे, म्हणजे पास. इथे भाषा ओळखणारे मॉडेल नेमके कामाला येते. देवनागरी लिपी मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी सगळ्यांचीच. पण अक्षरांच्या जोड्या-त्रिकुटांची वारंवारता प्रत्येकीची निराळी. ‘आहे’, ‘च्या’, ‘ळ’ यांची दाटी दिसली की मॉडेल काही ओळींतच मराठीवर बोट ठेवते. फेसबुकच्या संशोधकांनी खुले केलेले फास्टटेक्स्टचे मॉडेल १७६ भाषा ओळखते, त्यांत मराठी आहे. पानावर लिहिलेली भाषा आणि मॉडेलने ओळखलेली भाषा जुळत नसेल तर लाल खूण. इतके स्वस्त आणि इतके उपयोगी दुसरे काम मला या सबंध क्षेत्रात माहीत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या फाँटची. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी असे फाँट होते. त्यांत संगणकाच्या लेखी साठवलेली अक्षरे रोमन आणि चिन्हे असतात, फाँट फक्त त्यांना मराठीचा चेहरा देतो. पडद्यावर स्वच्छ ‘महाराष्ट्र’ दिसते आणि स्क्रीन रीडर वाचतो ती निरर्थक चिन्हांची माळ. जुन्या साठ्यांत, विशेषतः पीडीएफमध्ये, असा मजकूर आजही पडून आहे. तिसरी गोष्ट त्याहून वाईट: सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवलेला. त्यात मजकूर म्हणून काहीच नसते, पानभर एक फोटो. या दोन्हींना शोधण्याची युक्ती तीच, चित्र आणि साठवलेला मजकूर शेजारी ठेवणे. पानाचे चित्र देवनागरी ओळखणाऱ्या ओसीआरकडून, म्हणजे चित्रातली अक्षरे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, वाचून घ्यायचे. टेसेरॅक्टसारखे खुले ओसीआर मराठी वाचते. ओसीआरला देवनागरी दिसते आहे आणि साठ्यात रोमन चिन्हे आहेत, म्हणजे जुना फाँट. साठ्यात काहीच नाही, म्हणजे स्कॅन. ओसीआर काना-मात्रा चुकवेल, जोडाक्षरात गडबड करेल, पण इथे त्याने अचूक वाचण्याची गरजच नाही. इथे मराठी मजकूर आहे आणि तो कानाला मिळत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

चित्रांच्या वर्णनाचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे. एप्रिल २०१६ मध्ये फेसबुकने फोटोंना आपोआप पर्यायी मजकूर देणे सुरू केले. त्या कामामागे मॅट किंग हे स्वतः दृष्टिहीन असलेले अभियंते होते. सुरुवातीला मॉडेल शंभराच्या आसपास गोष्टी ओळखायचे: माणूस, झाड, समुद्र, पिझ्झा. २०२१ पर्यंत ही संख्या बाराशेच्या वर गेली. आता भाषेची मोठी मॉडेल फोटोचे परिच्छेदभर वर्णन करतात. तरी आल्टचा मजकूर फक्त चित्रावर ठरत नाही, चित्र तिथे कशासाठी लावले आहे यावर ठरतो. एखाद्या शाळेच्या पानावर हसऱ्या मुलांचा फोटो नुसता शोभेसाठी असेल, तर त्याचा आल्ट मुद्दाम रिकामा ठेवणेच बरोबर; नाहीतर ऐकणाऱ्याला विनाकारण थांबावे लागते. तोच फोटो ‘या वर्षीचे शिष्यवृत्तीधारक’ या मथळ्याखाली असेल तर मुलांची नावे हवीत. ‘चार मुले हसत आहेत’ हे वर्णन दोन्हीकडे खरे आहे आणि दोन्हीकडे निरुपयोगी. म्हणून मॉडेलने आल्ट तपासावा, शंका काढावी, मसुदाही सुचवावा. पण तो मान्य करण्याचे काम पानाच्या संपादकाचेच राहायला हवे.

मॉडेलच्या चुका दोन प्रकारच्या असतात. जिथे अडथळा नाही तिथे तो दिसणे, आणि जिथे आहे तिथे न दिसणे. पान बनवणाऱ्याच्या टेबलावर पहिली चूक झाली तर त्याचा थोडा वेळ जातो. तोच अंदाज थेट वापरणारीच्या कानात ओतला तर चुकीचा भार तिच्यावर पडतो, आणि तिला ती चूक आहे हे कळण्याचा मार्गही नसतो. याच कारणाने मला त्या ‘एका ओळीत वेबसाइट सुगम्य’ म्हणणाऱ्या उपायांचा राग येतो. कोडची एक ओळ टाकली की कृत्रिम बुद्धिमत्ता सगळे अडथळे दूर करील, असे सांगत ही उत्पादने विकली जातात. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारावा तसा हा प्रकार आहे. खालचा कोड तसाच राहतो. दृष्टिहीन वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या की यांमुळे त्यांचा स्क्रीन रीडर उलट अडखळतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशीच सेवा विकणाऱ्या अ‍ॅक्सेसीबी या कंपनीविरुद्ध आदेश जाहीर केला. आपले साधन कोणतीही वेबसाइट डब्ल्यूसीएजीबरहुकूम करते, हा तिचा दावा खोटा असल्याचा आरोप होता आणि तिला दहा लाख डॉलर भरावे लागणार होते.

आपल्याकडे कायदा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा माहिती तंत्रज्ञानही सुगम्य हवे असे सांगतो, आणि सरकारी वेबसाइटसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत पन्नास लाखांहून अधिक दृष्टिदोष असलेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. खटला होता बँका आणि मोबाइल कंपन्यांच्या ई-केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याच्या पद्धतीचा. समोरचा माणूस जिवंत आहे, फोटो नाही, हे पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगतात. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते शक्य नव्हते, आणि दृष्टिहीन अमर जैन यांना चेहरा चौकटीत आणणे. न्यायालयाने केवायसी सर्वांना करता यावी म्हणून वीस निर्देश दिले. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या दोघांना अडवणारी ही कॅमेऱ्यापुढची चाचणीही चेहरे पाहून शिकलेली यंत्रेच घेतात. ज्या चेहऱ्यांवर ती शिकली त्यांत या दोघांसारखे चेहरे नसतील, तर अडथळा यंत्राच्या शिकवणीतच असतो, आणि असा अडथळा शोधायला कोणतेही मॉडेल आपणहून पुढे येणार नाही. तो सापडतो तो ज्याला अडवले गेले त्याच्याकडून.

म्हणून मराठीत वेबसाइट आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. वेव्ह किंवा अ‍ॅक्स आजच चालवा, दोन्ही फुकट आहेत. साध्या चुका त्यातच निघतील. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही मोफत आहे, तो लावा, माउस बाजूला ठेवा आणि आपल्याच पानावरचे एक काम शेवटपर्यंत करून पाहा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प शोधणाऱ्या मुलामुलींनी मराठी पडद्यांचा, माणसांनी काळजीपूर्वक खुणा केलेला खुला संग्रह तयार करायला घ्यावा; काही हजार पडद्यांनीही सुरुवात होईल. आणि त्या खुणा बरोबर आहेत का हे ठरवायला दृष्टिहीन तपासनीस नेमा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या केंद्रापासून राष्ट्रीय अंधजन संघटनेपर्यंत अशी माणसे ज्यांच्या ओळखीची आहेत त्या संस्था आहेत. त्यांना मानधन द्या, आणि त्यांनी दाखवलेली चूक पुढच्या आवृत्तीच्या यादीत ढकलू नका, याच आवृत्तीत दुरुस्त करा.